दातांच्या डॉक्टरची दुनळी

"बंदूक काय, कुठलीही आणा हो डॉक्टर," गॉडफ्री ट्रँटर दातांच्या खुर्चीतून उठत म्हणाला, "आमच्याकडे असले काही नियम नसतात."

त्याचा डावा गाल अजून बधिर असल्यामुळे हे वाक्य बरंचसं उजव्या बाजूने बाहेर पडलं, पण लायनेल पार्डोला ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. हातातला चिमटा तसाच धरून तो क्षणभर उभा राहिला. लग्नाला होकार मिळाला तेव्हासुद्धा त्याचा चेहरा इतका फुलला नव्हता, असं त्याची बायको गिलियन पुढे बरेच दिवस ऐकवत होती, आणि ती तेव्हा समोर असल्यामुळे तिचं म्हणणं खोटं ठरवता येत नाही.

हॉपवेलच्या शिकारमंडळात माणसं आठ. नववा घ्यायचा नाही. थंडीतल्या शनिवारी ही मंडळी गॉडफ्रीच्या रानात फेझंट नावाचे लांब शेपटीचे पक्षी मारतात, आणि उरलेलं वर्षभर तेच फेझंट दाणापाणी घालून वाढवतात. यात काही विचित्र आहे असं तिथे कोणालाही वाटत नाही. यंदा आठांपैकी म्हातारा बार्नबी मुलीकडे पोर्तुगालला उन्हात बसायला निघून गेला आणि एक जागा रिकामी झाली. ती कोणाला द्यायची हे गॉडफ्री ठरवणार. रान त्याचं, पक्षी त्याचे, आणि जेवण त्याच्या कोठारात. त्याने लायनेलला जानेवारीतल्या एका शनिवारी बोलावलं. "या, बघू कसं जमतंय," एवढंच म्हणाला.

लायनेलला ती जागा हवी होती, आणि ती पक्ष्यांसाठी नव्हे. इतकी वर्षं तो या गावात दवाखाना चालवत होता, निम्म्या गावाच्या दाढा त्याच्या हातून गेल्या होत्या, तरी गाव त्याला 'नवे डॉक्टर' म्हणत असे. जुने डॉक्टर कधीच वारले होते. तरी पत्ता सांगताना लोक "ते जुन्या डॉक्टरांचं घर, तिथे सध्या नवे डॉक्टर राहतात" असं सांगत. त्या 'सध्या'ने लायनेलच्या काळजाला घरं पडत. शिकारमंडळात ज्याला जागा मिळते त्याला गाव आपला म्हणतं, हे त्याने नीट हेरून ठेवलं होतं. जागा मिळाली नाही, तर त्याच्या थडग्यावरही 'सध्या' असं कोरलं जाईल अशी त्याची खात्री होती.

"कुठलीही आणा म्हणाला?" गिलियनने विचारलं. "मग संपलंच."

"संपलं काय? सुटलो म्हण."

"अरे, इथे 'कुठलीही' म्हणजे एकच. आपण इथे आलो त्या वर्षी चर्चच्या जेवणाला 'काहीही आणा' म्हणाले आणि मी भाताचं पातेलं घेऊन गेले. अजून लोक मला प्रेमाने त्या भाताबद्दल विचारतात."

ती एक कुठली, हे शेजारच्या डेस्मंड व्हिटॉलने सांगितलं. डेस्मंड प्राप्तिकर खात्यातून निवृत्त झालेला, आणि आयुष्यभर लोकांना प्रश्न विचारून झाल्यामुळे आता फक्त उत्तरं देत असे. त्याच्या आणि लायनेलच्या घरांमध्ये एकच भिंत. त्यामुळे सल्ला घेण्यासाठी दार उघडायचीही गरज पडत नसे.

"एकावर एक नळ्यांची घे," डेस्मंड म्हणाला. "नेमाला सोपी, हातात भक्कम. अख्खी दुनिया आता तीच वापरते."

"मग ठरलं."

"ठरलं कसं? ती गॉडफ्रीच्या रानात नेलीस तर कोणी काही बोलणार नाही."

"बरंच की."

"लायनेल, कोणी काही बोलणार नाही म्हणजे काय होतं ते कळतंय का तुला? जेवताना मिठाची कुपीसुद्धा तुझ्याकडे सरकणार नाही. तिथे शेजारीशेजारी नळ्यांचीच दुनळी लागते. नियम नाही हं. नियम असता तर मोडता आला असता."

शेजारीशेजारी नळ्यांची दुनळी घ्यायची हे ठरलं, पण जुनी की नवी यावर गाव दुभंगलं. लायनेलचे पेशंट इतकी वर्षं त्याच्यासमोर तोंड उघडं टाकून मुकाट पडत आणि तो एकटाच बोलत असे. आता चूळ भरली रे भरली की जो तो बंदुकीवर सुरू होई, आणि बाहेरच्या बाकावर दाढ धरून बसलेला पुढचा माणूस आतल्याचं म्हणणं खोडून काढी. बहुतेकांचं मत असं, की बंदूक आजोबांचीच हवी. स्वतःला आजोबा नसतील तर दुसऱ्याच्या आजोबांची विकत घ्यावी. चकचकीत नवी बंदूक घेऊन रानात उभं राहणं म्हणजे लग्नाच्या कोटाला दुकानाची चिठ्ठी लोंबत ठेवण्यासारखं.

याला छेद दिला तो गुरांची डॉक्टर विनिफ्रेड सेस हिने. ती मंडळातच होती, शिवाय उघड्या तोंडानेही बोलू शकणारी लायनेलची ती एकमेव पेशंट.

"जुनी घेऊ नका," ती म्हणाली. "तीन पिढ्यांनी घासून घासून नळ्यांचा पत्रा उरलेला असतो. आणि शिशाचे छर्रे आता जाणार, पोलादी येणार. ते त्या म्हाताऱ्या नळ्यांना सोसायचे नाहीत. नवी घ्या आणि थोडी मळवा. माझीही नवीच आहे."

"पण तुमची तर वडिलांची आहे असं ऐकलं होतं!"

"वडिलांना मी तसंच सांगितलंय," असं म्हणून विनिफ्रेडने पुन्हा तोंड उघडलं.

दुनळी नवीच घ्यायची, हे असं ठरलं. पण दुनळीच्या आधी परवाना, आणि परवान्याच्या आधी सरकार.

सरकारला पहिल्यांदा हवा होता एक जामीनदार, म्हणजे लायनेल भला माणूस आहे असं लिहून देणारा. डेस्मंड स्वतःहून पुढे झाला. खात्यात असताना त्याने कोणालाच भलं म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे या कामाचं त्याला भारी अप्रूप होतं. दुसरा कागद गावातल्या डॉक्टरचा. या डॉक्टरची अक्कलदाढ लायनेलनेच काढली होती, आणि ती काही सुखासुखी निघाली नव्हती. त्याने लायनेलला समोर बसवून अगदी संथपणे विचारलं, "झोप लागते? उगाच रडू येतं? कोणाला इजा करावीशी वाटते?" आणि थोडं थांबून, "कामाची वेळ सोडून सांगा." लायनेलने हा अपमान गिळला. कागद मिळाला.

मग आलं कपाट. बंदूक कुलपातल्या पोलादी कपाटात हवी आणि कपाट भिंतीत बोल्टांनी ठोकलेलं हवं, असा कायदा आहे. गवंड्याला बोलावू, असं गिलियनचं म्हणणं. लायनेल दुखावला. "भोकं पाडण्यात माझी हयात गेली," तो म्हणाला, "एका भिंतीसाठी मी बाहेरचा माणूस आणू?" त्याने जेवणघरातली एक भिंत निवडली, बोटाने ठोकून पाहिली, आणि दातांच्या बाबतीत त्याला जे कधीच करता येत नसे ते केलं, म्हणजे मनसोक्त जोर लावला.

ड्रिल आधी कुरकुरलं, मग गपकन आत गेलं, आणि मग फारच आत गेलं. पलीकडे बशी फुटल्याचा आवाज झाला. नंतर बराच वेळ काहीच आवाज झाला नाही, आणि डेस्मंडच्या घरातली शांतता कधीही शुभ नसते.

भिंतीपलीकडे डेस्मंड सूप पीत बसला होता. त्याच्यासमोर त्याच्या दिवंगत आईचं तैलचित्र होतं, आणि ड्रिलचं टोक त्या चित्रातून, बरोबर उजव्या गालाखाली, जबड्याच्या जागी बाहेर आलं होतं.

"लायनेल," भिंतीतून आवाज आला, "आई गेली तेव्हा तिचे सगळे दात शाबूत होते."

"सॉरी," लायनेल भिंतीला म्हणाला.

"आता एक किडलेला दिसतोय."

ते भोक लायनेलने स्वतः बुजवलं, दवाखान्यातल्याच मसाल्याने, आणि रंगही लावला. काम सुरेख झालं होतं. पण त्या दिवसापासून डेस्मंडला सल्ला देण्याचा कायमचा हक्क मिळाला आणि तो न ऐकण्याचा लायनेलचा हक्क गेला. कपाट शेवटी धुराड्याच्या जाड विटांमध्ये बसलं. तिथे गिलियनच्या मुरंब्यांचं फडताळ होतं. बरण्या जिन्यावर आल्या, आणि पुढे पुष्कळ दिवस त्या घरात वर जाणारा माणूस आलुबुखाऱ्याच्या दोन रांगांमधून वाट काढत वर जात असे.

कपाट बघायला पोलीस खात्याच्या मिसेस बेडोज आल्या. ठेंगण्या, प्रसन्न, आणि चहाच्या कपाआडूनही सगळं पाहणाऱ्या. त्यांनी कपाट हलवून पाहिलं, ते हललं नाही. मग बरण्या पाहिल्या, मग गिलियनला पाहिलं.

"तुमचे मिस्टर रागीट आहेत का?"

"परवा ड्रिल भिंतीतून पार झालं तेव्हा ते भिंतीला सॉरी म्हणाले."

मिसेस बेडोजनी काहीतरी लिहून घेतलं. "किल्ली कुठे ठेवणार, मिस्टर पार्डो? नाही, थांबा, आत्ता सांगू नका. बाई जरा बाहेर जातील."

"कोण बाई?" गिलियनने विचारलं.

"आपणच. किल्लीची जागा परवाना असणाऱ्यालाच माहीत हवी. घरात दुसऱ्या कोणालाही नाही. कायदाच आहे तसा."

गिलियनने चहाची किटली खाली ठेवली. "म्हणजे या घरात अशी एक वस्तू असणार, जी कुठे आहे ते त्याला माहीत आणि मला नाही?"

"हो."

"त्याला त्याचा स्वतःचा चष्मा कुठे आहे ते मी सांगते हो! मोजे मी सांगते. मागे एकदा गाडी कुठे लावली तेही मीच सांगितलं!"

पण कायद्यापुढे तिचं काही चाललं नाही. ती बाहेर गेली, लायनेलने कुजबुजत जागा सांगितली, मिसेस बेडोज समाधानाने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला गिलियन पावाला लोणी लावता लावता म्हणाली, "त्या घड्याळाला सारखा हात लावू नकोस, बंद पडेल."

लायनेलने किल्ली हलवली. त्यावर गिलियन फक्त हसली. मग त्याने ती पुन्हा हलवली. ती आणखी हसली. शेवटी त्याने किल्ली गळ्यात दोरीला बांधली आणि दिवसरात्र तशीच ठेवली, त्यामुळे शर्टाच्या आत काहीतरी थंडगार लागून तो पेशंटच्या तोंडात हात असतानाच दचकायला लागला. पेशंट कमी झाले असते, पण आसपास दातांचा दुसरा डॉक्टर नव्हता.

दरम्यान नेमबाजी शिकायला तो एका मैदानावर जाऊ लागला. तिथे यंत्रातून मातीच्या ताटल्या उडवतात. बंदूक त्यांचीच, एकावर एक नळ्यांची, आणि तिचा सुरक्षेचा खटका एकदा सोडला की दिवसभर सुटलेलाच राही. दहातल्या निम्म्या ताटल्या लायनेल फोडू लागला. शिकवणारा म्हणाला, "वाईट नाही." हे या देशात फार मोठं कौतुक आहे. लायनेल शीळ घालत घरी आला.

परवाना यायला मात्र इतका उशीर झाला, की तो हातात पडला तेव्हा शनिवार दोन पावलांवर होता. गिलियनला गाडीत घालून लायनेल जिल्ह्याच्या गावी ऑब्री क्रंपच्या दुकानात धावला.

क्रंप उंच, वाकलेला आणि फार हळू बोलणारा. त्याच्या दुकानात शिरलं की कोणीतरी वारल्यासारखं वाटे. त्याने लायनेलच्या हाताची लांबी मापली, मानेची उंची मापली, गालाचं हाड चाचपलं. लायनेलला स्वतःचा जबडा दुसऱ्याच्या हातात असण्याची सवय नव्हती. त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"मिटा," क्रंप म्हणाला. "चाप एक हवा की दोन?"

"एक चाललं तर सोपं पडेल."

"एकाचीही मिळते," क्रंप म्हणाला, आणि त्या आवाजात इतकं दुःख होतं की लायनेल घाईघाईने म्हणाला, "दोन, दोनच!"

मग क्रंपने एकेक दुनळी काढली. पहिली जड निघाली. दुसरीवर इतकं नक्षीकाम की गिलियन म्हणाली, "ही भिंतीवर लाव, हिने मारू नकोस." तिसरी स्पेनमधून आलेली, तिथल्या कुठल्या डोंगरी गावात पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात म्हणे. दस्ता सरळ अक्रोडाचा, नळ्या निळसर काळ्या, पोलादी छर्‍यांसाठी तपासून शिक्का मारलेल्या. नक्षी होती, पण लाजरी. लायनेलने ती खांद्याला लावली आणि ती आपण होऊन गालाशी येऊन बसली.  त्याचे कान लाल झाले.

"घे," गिलियन म्हणाली. "तोंड बघ स्वतःचं. घे आता, यंदा फ्रिज राहू दे."

आणि इथेच घोटाळा झाला. क्रंप दुनळी उघडून दाखवत सांगू लागला, "एक गोष्ट लक्षात ठेवा. मैदानावरच्या बंदुकीसारखी ही नाही. ही उघडली की हा वरचा खटका आपोआप मागे येतो आणि बंदूक बंदच राहते. दर वेळी बार टाकायच्या आधी अंगठ्याने पुढे सारायचा. दर वेळी." हे सांगताना त्याचं तोंड इतक्या वेळात पहिल्यांदाच पुरतं उघडलं होतं, आणि आत उजवीकडे, खाली, शेवटून दुसरी दाढ लायनेलला दिसली होती. काय दाढ! अर्धी गेलेली, कडेने काळी, आणि आधी कोणीतरी भरून बिघडवलेली. लायनेलचं सगळं लक्ष तिथे गेलं. मुळापासून काढावी लागेल की वाचेल? वरून टोपी बसवली तर?

"समजलं ना?" क्रंपने विचारलं.

"वाचेल," लायनेल म्हणाला.

याने कोणाचा तरी जीव वाचेल असं गिऱ्हाईक म्हणतंय, असं क्रंपला वाटलं असावं. त्याने मान हलवून दुनळी पेटीत ठेवली.

राहता राहिले कपडे. लोकरी कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, लांब मोजे, सगळं नवंकोरं. डेस्मंडने ते पाहून डोळे मिटले. "या कोटात गेलास तर पक्षीसुद्धा हसतील. पावसात टाक." तो कोट दोन रात्री लाकडांच्या ढिगावर पावसात पडून राहिला. सकाळी त्याच्या खिशात गोगलगाय निघाली आणि वास असा यायला लागला, की डेस्मंड लांबूनच म्हणाला, "आता कसा घराण्यातला वाटतोस."

शनिवारी गॉडफ्रीच्या अंगणात मंडळी जमली. कुत्री, चिखल, कढत सूप. चामड्याच्या पाकिटातून आकडे कोरलेल्या हस्तिदंती काड्या ओढून जो तो रांगेतली आपापली उभं राहायची जागा घेत होता. लायनेलची जागा आली नेमकी गॉडफ्री आणि विनिफ्रेड यांच्या मध्ये. गॉडफ्रीने लायनेलच्या दुनळीकडे पाहिलं, काही बोलला नाही, पण सूपाबरोबर मिठाची कुपी त्याच्याकडे सरकवली. लायनेलला गहिवरून आलं.

"ऐका," गॉडफ्री ओरडला. "फार खालून जाणाऱ्यावर बार टाकायचा नाही. शेजाऱ्याचा पक्षी शेजाऱ्याचा. आणि हाकारे संध्याकाळी सगळे घरी परत गेले पाहिजेत. चला."

पहिला हाका सुरू झाला. रानाच्या त्या टोकाहून हाकारे काठ्या आपटत, पक्षी उठवत येऊ लागले आणि पहिलाच फेझंट लायनेलच्या दिशेने निघाला. ठेंगणा, लठ्ठ, आणि कुंपणाच्या जेमतेम वरून. लायनेलला घाई झाली होती. त्याने दुनळी खांद्याला लावली, पक्ष्यामागून फिरवली आणि चाप ओढला. काही झालं नाही. दुसरा चाप ओढला. तरी काही नाही. पक्षी आरामात डोक्यावरून निघून गेला. लायनेलने सावकाश दुनळी खाली घेतली, कारण वेगाने घेण्याचं बळ त्याच्यात उरलं नव्हतं.

"छान सोडलात!" विनिफ्रेड ओरडली. "फारच खालून होता."

लायनेलने दुनळी उघडून पाहिली. काडतुसं जागेवर होती. त्याने ती मिटली. खटका अर्थातच अजून मागेच होता, पण हे त्याला कुठे ठाऊक! पुढचा पक्षी आला. चाप, चाप, काही नाही. तो पक्षी थोडा विनिफ्रेडच्या बाजूला होता. तिने तो पाडला आणि टोपीला हात लावून लायनेलचे आभार मानले.

बंदूक बिघडली आहे, हे तिथेच सांगता आलं असतं. पण नवी बंदूक, नवा कोट, नवा डॉक्टर! आणि इतक्या लोकांसमोर "माझी उडत नाही हो" असं म्हणण्यापेक्षा चिखलात गडप होणं बरं, असं लायनेलच्या जागी त्या गावातल्या कोणालाही वाटलं असतं.  दुसऱ्या हाक्यालाही तो पक्ष्यांमागून दुनळी फिरवत राहिला, चाप ओढत राहिला, आणि खाली घेत राहिला. पुढे पुढे त्यात त्याला एक ढब आली. नेम धरायचा, थोडं थांबायचं, मान किंचित हलवायची, जणू 'जा बाबा, तुझं अजून आयुष्य आहे.' एका नर फेझंटला तर त्याने, खरं म्हणजे कपाळाचा घाम पुसायला, टोपी काढली. हाकाऱ्यांनी हे पाहिलं. रानभर बातमी पसरली, की नवे डॉक्टर पक्ष्यांना टोपी काढून निरोप देतात.

जेवणाच्या वेळी कोठारात त्याच्याभोवती लोक जमले. असा संयम हल्ली दिसत नाही, असं कोणी म्हणालं. जुन्या डॉक्टरांना एवढा धीर नव्हता, ते कुंपणावर बसलेलंही सोडत नसत, असं दुसरा म्हणाला. लायनेल मटणाच्या भरल्या पावात तोंड खुपसून बसला.  गॉडफ्री मात्र टेबलाच्या टोकाला बसून लायनेलकडे नुसता पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसत नव्हता.

मग नाकांचा विषय निघाला. एखाद्याचे दोन्ही बार फुकट गेले आणि तोच पक्षी शेजाऱ्याने पाडला, तर पहिल्याचं नाक कापलं गेलं असं ही मंडळी समजतात, आणि ते त्याला मरेपर्यंत ऐकवतात. कोणाचं नाक कोणी कुठल्या हाक्यात कापलं याची उजळणी झाली. सगळ्यांची नाकं निदान एकदा गेलेली होती.

"गॉडफ्रीचं सोडून," विनिफ्रेड म्हणाली.

"माझं जागेवर आहे," गॉडफ्री म्हणाला, "आणि जागेवरच राहील." हे त्याने गमतीत म्हटलं नाही.

दिवसाचा शेवटचा हाका उतारावर होता. थंडीने बोटं वाकत नव्हती. लायनेलने दुनळी काखेत धरून हातांवर फुंकर मारली आणि ऊब यावी म्हणून अंगठा दस्त्याच्या वरच्या लोखंडावर घासू लागला. घासता घासता काहीतरी पुढे सरकलं. बारीकसा 'टक' आवाज झाला.

लायनेलने खाली पाहिलं. त्याने खटका मागे ओढला, पुन्हा पुढे सारला. टक. आणि एकदम त्याच्या डोळ्यांपुढे क्रंप उभा राहिला. या खेपेला त्याला दाढ दिसली नाही, शब्द ऐकू आले. 'दर वेळी. दर वेळी.' लायनेल पार्डो त्या उतारावर एकटाच "अरे देवा" म्हणाला.

तेवढ्यात रानाच्या माथ्यावरून तो निघाला. लांब शेपटीचा, उंच, वाऱ्यावर तिरका होऊन येणारा फेझंट, दिवसभरातला सगळ्यात उंच. सरळ गॉडफ्रीवर चालला होता. गॉडफ्रीने शांतपणे दुनळी उचलली. धाड! पक्षी हलला नाही. धाड! पक्ष्याने नुसती दिशा बदलली आणि लायनेलकडे वळला.

आता इथे विचार करायला हवा होता. ज्याच्या हातात जागा, त्याचंच नाक. दिवसभराची कमाई एका बोटावर आलेली. शहाणा माणूस असता तर त्याने मान हलवली असती आणि टोपी काढली असती. पण लायनेलने सकाळपासून इतके पक्षी सोडले होते, की आता त्याच्याच्याने राहवेना. दुनळी गालाशी येऊन बसली. धाड!

पक्षी हवेतच मिटला आणि बराच मागे, कोबीच्या शेतात जाऊन पडला.

 हाकारे काठ्या धरून उभे राहिले. विनिफ्रेडचा कुत्रा पक्षी तोंडात धरून आला, आणि कोणाकडे न्यावा हे न कळून मध्येच थांबला. गॉडफ्री चिखल तुडवत येताना दिसला. त्याचा चेहरा लालबुंद होता. घाबरलेला माणूस करतो तसं लायनेलने खरं बोलून टाकलं.

"गॉडफ्री, मला माफ करा. मी दिवसभर पक्षी सोडत नव्हतो हो. बंदूकच उडत नव्हती. हा खटका सारायचा असतो ते मला माहीतच नव्हतं."

गॉडफ्री थांबला. "म्हणजे सकाळपासून तुम्ही चाप ओढत होतात?"

"हो."

"खालून गेलेल्यांवरसुद्धा?"

"सगळ्यांवर."

"विनिफ्रेडच्या पक्ष्यांवर?"

"दोनतीन," लायनेल म्हणाला. "आणि तुमच्याही एकावर."

गॉडफ्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. आधी लायनेलला वाटलं, याला काहीतरी होतंय, बसवायला हवं. पण गॉडफ्री हसत होता. पोट धरून, वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"ऐकलंत का रे!" तो रांगेकडे वळून ओरडला. "सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हटलं इतका सभ्य माणूस मंडळात घेतला, तर आपली सगळ्यांची अब्रू काय राहील? आणि हा तर आपल्यातलाच निघाला!"

रांगभर हशा पिकला. गॉडफ्रीने कुत्र्याच्या तोंडातून पक्षी घेतला, त्याची पिसं सारखी केली आणि तो लायनेलच्या हातात दिला. दुसऱ्या हाताने त्याने त्या गोगलगायीच्या कोटाचा खांदा घट्ट धरला.

"पुढच्या मोसमापासून बार्नबीची जागा तुझी, लायनेल," तो डोळे पुसत म्हणाला. "तो खटका सारायला तेवढं शिकून ये. पण माझ्या शेजारी उभा असशील, तेव्हा विसरलास तरी चालेल."